बुढ्याची फूट

बोडी फुटली त्या दिवशी तिथं आमी तिघं होतो. माहा मालक, माहा सासरा अन् मी. सासू घरी तापानं पडली होती. पान्याच्या उथळ बाजूले सारसाची जोडी होती, त्याईले बी धरा, त्याईनं समदं पायलं. बाकी कोनी नव्हतं.

बोडी म्हनजे ल्हान तलाव. आमची अर्जुनी मोरगावच्या अंगाले. सासऱ्यानं अन् त्याच्या बापानं डोक्यावर माती वाहून तिची पार घातली होती. पारीच्या एका टोकाले सलंग होता. बोडी भरली का जास्तीचं पानी तिथून आपोआप बाहीर पडे. खालच्या बांधीतलं धान त्या बोडीवरच पिके. मालगुजारी नुकतीच गेली होती, आता बोडीची देखरेख ज्याची त्यानंच कराची.

आदल्या वर्सी सलंगातून पान्यासंगं मासोळी वाहून गेली. खालच्या शेतवाल्याईनं धरली, खाल्ली. सासू मले म्हने, "तुह्या नवऱ्याच्या मरळी लोकाईच्या चुलीवर शिजल्या, अन् तू काय करत होतीस वं?" मालकाले मरळ गंज आवडे. मी मनावर घेतलं. बांबूच्या कामट्या काहाडल्या, बोडीवरच टट्टा विनला, सलंगाच्या दोन खुट्याईले बांधून टाकला. पानी जाईल, मासोळी अडंल, असा हिशेब.

दोरी पळसाच्या मुळ्याईची होती. चोराले सुटू नये म्हनून मी गाठीवर गाठ मारली. आमा तिघाईबिगर तवा बी तिथं कोनी नव्हतं. मालक पारीवर बसून हासून राहिला होता.

"अवं, मासोळी बांधतेस का बैल?"

"बैल तं घरीच हाय," मी म्हनली.

सासऱ्यानं पायलं. त्याले पटलं नाई. म्हने, "पोरी, सलंगाचं तोंड मोकयं ठेव. पान्याले आपली वाट लागते."

"बाबा, टट्टा हाय, भिंत नाई," मालक म्हनला. मंग सासरा बी कुदळ उचलून बांधीत गेला.

पोळा झाला. धान गर्भात आलं. सारसानं बोडीत गवत गोया करून घर केलं होतं, त्यात दोन अंडे. मी सकाळी धुनं घेऊन जावो तं पावो, दोघंबी चोचीनं गवत उपटून घरावर टाकून राहिले. रोज उंच, रोज उंच. मी मालकाले म्हनली, "त्याईले पाहा, माडी बांधून राहिले. तुमी कवा बांधता?" दोघंबी हासलो. पानी रोज चढून राहिलं होतं म्हनून ते अंडे वाचवत होते, हे त्या पाखराईले समजलं, मले नाई समजलं. टट्ट्याले गाळ, पाला, शेवाळ लागून तो भिंतीवानी झाला होता. मी एक दिवस बी साफ केला नाई.

मंग दोन दिवस झडी लागली. तिसऱ्या दिवशी दोपारी सासरा हाका मारत आला. पारीवरून पानी सांडून राहिलं होतं. तो अन् मी टोपल्याईनं माती टाकाले लागलो. मालक सलंगात उतरला, छातीइतक्या पान्यात. गाठीले हात घातला.

दोरी भिजून फुगली होती. नखं लावले, दात लावले. गाठ हालली नाई.

"काय बांधलंस वं हे!" तो वरडला. रागात नव्हता, अर्धा हासतच होता. "जाय, विळा आन!"

मी राखनीच्या झोपडीकडं पयाली. विळा घेऊन निंगली तं मोठा आवाज झाला, जसं छप्पर बसावं. आली तं सलंगाजवळची पार नव्हती. खुटे नव्हते, टट्टा नव्हता, मालक नव्हता. सासरा दुसऱ्या अंगाले उभा होता, हातात रिकामी टोपली.

दोन शेतं खाली, नाल्याच्या वाकनावर लोकाईले तो सापडला. टट्टा बी तिथंच होता. गाठ तशीच होती.

बोडी रिकामी झाली. मरळी चिखलात तडफडून राहिल्या होत्या. गावातून एकानं बी त्यातली मासोळी उचलली नाई, घारीच खात होत्या. सारसाचं घर कोरड्यात उंच उभं होतं. दोन दिवसांनी अंडे कोल्ह्यानं नेले. जोडी आठ दिवस तिथंच उभी राहून वरडे, मंग उडून गेली. धानावर रेती पसरली.

तिसऱ्या दिवशी घरी समदे बसले होते. सासू तापातूनच उठली अन् पुसलं, "सलंगाचं तोंड कोनं बांधलं?"

माह्या पोटात चार महिन्याची पोर होती. मी तोंड उघडाले गेली. त्याच्या आंधीच सासरा म्हनला, "मी बांधलं. गाठ माहीच."

मी त्याच्याकडं पायलं. त्यानं आपल्या पायाकडं पायलं.

सासूनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलनं सोडलं. ताट वाढे, पानी देई, पन शबद नाई. तो मरेपर्यंत नाई. मले मातर तिनं लेकीवानी वागवलं, बाळंतपन केलं, पोरीले न्हाऊमाखू घातलं. तिच्या मायेचा घास घशाखाली उतरताना मले रोज ती दोरी दिसे.

एकदा मी सासऱ्याले म्हनली, "मामाजी, मी सांगतो आता आत्याबाईले."

"कायले?" तो म्हनला. "ती माह्यासंगं बोलंल, अन् मंग तुह्यासंगं बोलनार नाई. तुले अजून गंज दिवस काहाडाचे हायेत."

पुढच्या उनाळ्यात त्यानं एकट्यानंच फूट बुजवाले घेतली. मी बी माती वाहाली. सलंग त्यानं दोन हात रुंद केला. बोडी भरली, मासोळी झाली. त्यानं मरळ कवा तोंडात घातली नाई, मी बी नाई. सारस मातर आले नाईत.

आता सासू-सासरा दोघंबी नाईत. ज्या जागी पार फुटली, त्या जागेले लोक आजबी 'बुढ्याची फूट' म्हनतेत. बुढ्यानं आपल्या हातानं पोरगा बुडवला, असं ल्हान्या पोराईले सांगतेत. मी तिथून जातो तवा आयकतो. इतके वर्सं आयकलं. आता नात लिहून राहिली म्हनून सांगून टाकलं.

वाचनाऱ्या बाई, बाबू, तुमी कवा त्या बोडीवर गेले, अन् कोनी ते नाव घेतलं, तं त्याले येवढं सांगा का गाठ सुनेनं बांधली होती.