वजिराला लावलेला कौल

आईला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि मी मोबाईलवरच्या बुद्धिबळाच्या कोड्याला कौल लावला.

आमच्या गावात कौल देवीला लावतात. गुरव मूर्तीला फुलांचे कळे चिकटवतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पण देवी राहिली हातखंब्याच्या पलीकडे आणि मी रत्नागिरीत, इस्पितळाच्या बाकावर. पित्ताशयच काढायचं होतं, पण आईचं हृदय अशक्त. भूल सोसेल की नाही, हे डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते. बायको शेजारी जप करत होती. मी मनात म्हटलं, कोडं पहिल्याच प्रयत्नात सुटलं तर आई सुखरूप बाहेर येईल.

चाल दिसली लगेच, तिथेच घात झाला. काळा राजा कोपऱ्यात, आपल्याच प्याद्यांमागे. माझा वजीर त्याला खेटून ठेवायचा. वजिराला घोड्याचा जोर, त्यामुळे राजाला तो मारता येत नाही. काळ्या हत्तीला तो मारावाच लागतो. मग राजाला हलायला जागा उरत नाही आणि घोड्याने मात. म्हणजे वजीर द्यायचा.

आणि वजीर म्हणजे आई, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं देव जाणे. बोट काही केल्या खाली येईना. शेवटी मी वजीर लांब, सुरक्षित घरात नेला. लाल फुली उमटली.

डावा कळा. गाऱ्हाणं बदलून कौल पुन्हा लावता येतो, हे आठवलं. देवीची क्षमा मागितली, डोळे मिटून वजीर दिला, घोड्याने मात केली. हिरवी खूण आली. जिंकलो होतो, पण आईला देऊन.

तेवढ्यात दार उघडून नर्सबाईंनी आईचं नाव पुकारलं. मला उठताच येईना. बायकोच पुढे गेली. आई ठीक होती.

का उठलो नाही, हे मला बायकोला सांगावंच लागलं. संध्याकाळी तिने ते सगळं आईला साग्रसंगीत सांगितलं. आईने टाके सांभाळत ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, तुझ्या अकलेवर माझं जगणं असतं, तर मी तुझ्या बारशाआधीच गेले असते."