पंख्याचं तोंड डबीकडे

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात माणूस पंख्यासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरतो, कूलरसमोरच्या खाटेवरून ठरलेली लग्नं मोडतात, आणि दुपारी बारा ते चार खुद्द सूर्यसुद्धा आमच्याकडे नाइलाजाने येत असावा अशी माझी खात्री आहे. अशा मुलखात पंख्याचं तोंड स्वतःकडून काढून एका अॅल्युमिनियमच्या डबीकडे वळवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. मुक्काम दिग्रस, धंदा ट्रक. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. कापसाच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या, पोचवायच्या, परतीला मिळेल तो माल आणायचा. तीस वर्षांत त्यांचं जेवढं चालवून झालं आहे तेवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन, तिथं चहा पिऊन, पंक्चर काढून परत आला असता.

आता ही डबी म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण साडूभाऊ तुम्हाला भेटले असते तर त्यांनी तुमचं नाव विचारायच्या आधी तेच सांगितलं असतं. जुन्या ट्रकला अक्कल नव्हती, त्यामुळे त्याला आजारही नव्हते. नव्या ट्रकला अक्कल आली आणि ती एका डबीत ठेवली. कोणत्या इंजेक्टरने कधी उघडायचं, किती डिझेल सोडायचं, सगळा हुकूम त्या डबीचा. एवढी शहाणी डबी, पण बसवली कुठे, तर इंजिनाच्या कुशीत. एका मे महिन्यात उमरखेडच्या अलीकडे, भरल्या गाठींसकट, ती डबी गेली. साडूभाऊ सहा तास एका बाभळीच्या सावलीत बसले. बाभळीची सावली म्हणजे चाळणीतून पडलेलं ऊनच. शेवटी दिग्रसहून सलीमभाई मिस्त्री एसटीने आले, नवी डबी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन. त्यांनी जुनी उघडून आतले सोल्डरचे तडकलेले टाके दाखवले आणि म्हणाले, "दादा, इस डब्बी के दोच दुश्मन है. एक गर्मी, दूसरा झटका."

एवढंच वाक्य. कीर्तनं ऐकून ज्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता, त्या साडूभाऊंच्या आयुष्याचा गिअर त्या एका वाक्याने बदलला. "डबी शाबूत तं गाडी शाबूत," ते मला म्हणाले, "अन् गाडी शाबूत तं मी शाबूत. मले दुसरं काही येतच नाही, साडूभाऊ. स्टेअरिंगवरून उतरलो का मी बुजगावणं." हे ते हसत म्हणाले होते, पण मला ते हसणं फारसं आवडलं नव्हतं.

पहिला उपाय त्यांनी आपल्या मनाने केला. इंजिनाची धग लागू नये म्हणून ताईंच्या जुन्या लुगड्यांची तीनपदरी गोधडी शिवून घेतली आणि डबीला नखशिखान्त गुंडाळली. गाडी गावाची वेस ओलांडायच्या आत बंद. सलीमभाईंनी गोधडी सोडली तेव्हा आतून वाफ निघाली, असं मी सांगतो. थोडी कमी निघाली असेल. "अरे दादा," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "उसको खुद का बुखार है, ऊपर से तुम रजाई ओढा रहे! हवा दो उसको, हवा!" तेव्हा साडूभाऊंना उमगलं की डबी स्वतःही तापते, तिच्या आणि इंजिनाच्या मधे आडोसा हवा, पण भोवती वारा खेळता हवा. त्यांनी लगेच घरच्या कूलरचा मागचा पत्रा कापून इंजिन आणि डबीच्या मधे उभा केला. त्या उन्हाळ्यात ताईंच्या घरातला कूलर मागून उघडा होता आणि वारा शेजाऱ्यांकडे जायचा.

मग झटक्यांची पाळी. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून डबीच्या चारी बोल्टांखाली घातलं. पण ते पुरेसं मऊ आहे का, हे कळणार कसं? साडूभाऊंनी परीक्षा ठरवली: डबीशेजारी टिफिनमध्ये एक कच्चं अंडं ठेवायचं आणि उमरखेडपर्यंत जाऊन यायचं. गळ्यात तुळशीची माळ असल्याने ते अंड्याला हात लावणार नव्हते, म्हणून अंडेवाहक म्हणून मला सोबत नेलं. परत आल्यावर मी टिफिन उघडला. अंडं शाबूत! साडूभाऊंनी मला मिठी मारली. मी अंडं टिचकवून पाहिलं, तर ते पूर्ण उकडलेलं. "झटका जिंकलो," साडूभाऊ खिन्नपणे म्हणाले, "गर्मी बाकी आहे." ते अंडं मीच खाल्लं, मीठ न लावता, आणि त्याला डिझेलचा वास होता.

या काळात त्यांचा वेग इतका उतरला की लोक चालत्या ट्रकला हात लावून नमस्कार करायचे. दिग्रस ते पुसद या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते नात्याने ओळखत. कुठला जुना, कुठला या पावसाळ्यातला, कुठला बुजवून पुन्हा उघडला. एकदा मी वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, बैलगाडी पुढे गेली!" तर शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या न बाप्पा. तिले डबी कुठं आहे?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, हळद-लोणी चोळतात, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना हात जोडतात. साडूभाऊंकडे बैल नव्हते. त्यांनी डबीला आवतन दिलं. शेकणं वर्ज्य होतं, गरमीचं प्रकरण. म्हणून नुसतं हळद-लोणी, तेही डबीला, पत्र्याला, रबरांना आणि मागच्या वायरींच्या जुडग्याला, खांदे समजून. रात्रीतून अख्ख्या पेठेतले उंदीर जेवायला आले. सकाळी एकही वायर अखंड नव्हती. त्या पोळ्याला सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे आणि साडूभाऊंची गाडी घरासमोर, बोनेटला झूल, शिंगांच्या जागी फुगे, आणि आवाज नाही. ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डबीखाली चार-चार रबरं, अन् सोताच्या बुडाखाली फाटकं पोतं! त्या गाडीत तुमी पण बसता, हे ध्यानात आहे का?" साडूभाऊ मान खाली घालून वायरी मोजत राहिले.

ताईंचं खरं होतं. सीटमधला फोम काढून त्यांनी डबीखाली घातला होता. कंबर धरून उतरायचे, दोन मिनिटं ट्रकला टेकून उभे राहायचे, मग चालायला लागायचे. विचारलं तर म्हणायचे, "गाडी तपासून राह्यलो."

वायरी नव्या घालायच्याच होत्या, तर साडूभाऊंनी हट्ट धरला की त्या लांब करा आणि डबी इंजिनावरून उचलून केबिनमध्ये आणा. सलीमभाई नको नको म्हणत होते, पण शेवटी त्यांनी डबी ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवली. तिथे ना धग, ना दणका. राहता राहिला मे. तो आला तेव्हा केबिनमधल्या एकुलत्या एका पंख्याचं तोंड साडूभाऊंनी मागे वळवलं आणि डबीपासून हातभर अंतरावर ओला दुपट्टा टांगला.

त्याच महिन्यात मला मुकुटबनला जायचं होतं आणि त्यांचा माल तिकडचाच होता. दुपारचे दोन. केबिनमध्ये मी अक्षरशः वितळत होतो. उतरताना मला बादलीत भरून न्यावं लागेल असं वाटत होतं. मी म्हणालो, "साडूभाऊ, तो दुपट्टा जरा डोक्याला बांधा."

"डोक्याले काय होते? डोकं देवानं बनवलं. हे कंपनीनं बनवलं, हे नाजूक आहे."

"निदान पंखा तरी इकडे करा."

"तुमाले उतराचं आहे अर्ध्या घंट्यात. तिले जन्मभर राहाचं आहे."

थोड्या वेळाने लक्षात आलं, मला घामाच्या धारा लागल्यात आणि त्यांचा चेहरा कोरडा ठणठणीत. मग ते मला सलीमभाई म्हणू लागले. मी हसलो. थट्टा वाटली मला. पुढे त्यांनी गाडी अगदी हळू, एकही दणका न देता, रस्त्याच्या कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजू लागला तो थांबेना. मी त्यांना मागे ओढलं तेव्हा अंगाला तव्यासारखा चटका बसला. मजूर घेऊन चाललेला एक टेम्पो थांबला, त्यातल्या बायकांनी आपल्या प्यायच्या पाण्याच्या कॅन त्यांच्या अंगावर ओतल्या. त्यांना टेम्पोत चढवून मी किल्ली काढायला केबिनमध्ये परत गेलो. इंजिन घड्याळासारखं चालू होतं. का कोण जाणे, मी डबीला हात लावला. गार होती.

दवाखान्यात पाचव्या दिवशी ते माणसांत आले. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. कागद पाहत म्हणाली, "काका, तुमच्या किडनीला मार बसलाय आणि कमरेच्या मणक्यांची आधीच वाट लागलीय. आता ऊन बंद आणि गाडीचे दणकेही बंद. कायमचे." साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीत किती थेंब उरलेत ते पाहत बसलो.

गाडी उमरखेडच्या एका तरुणाने घेतली. साडूभाऊंनी त्याला दोन तास बसवून सगळं समजावलं: पत्रा, रबर, फोम, वारा. "उन्हाळ्यात दुपारी उभी नको ठेवजो. ठेवलीस तं सावली पाह्यजो. अन् पंखा…" इथे ते थांबले. ताई आतून ऐकत होत्या. "पंखा सोताकडेच ठेवजो, बेटा," साडूभाऊ म्हणाले. पोरगा "हो काका, हो काका" म्हणत गेला.

आता ते आतल्या खोलीत कूलरसमोर असतात. खिडकीला पडदा, अंगात बंडी, खाली जाड गादी. मी दिग्रसला गेलो की दुपारभर त्यांच्याजवळ बसतो आणि जगातल्या खोट्यानाट्या गोष्टी सांगतो. ते हुंकार देतात, पण कान रस्त्याकडे. परवा बाहेरून जड गाडीचा आवाज आला तसे ते कोपरावर उठले.

"आपली!" ते म्हणाले. "साडूभाऊ, पाहा बरं."

मी पडदा सारला. पाण्याचा टँकर होता, झाकण उघडं, मागे पाण्याचा माग सोडत चाललेला.

"तीच," मी म्हणालो.

"धुतली आहे?"

"चकाचक. गाठी भरल्यात वरपर्यंत. दोर मस्त आवळलेत."

"पोरगा हळू चालवून राह्यला न?"

टँकर त्याच क्षणी समोरच्या खड्ड्यात असा आदळला की कपाटातली भांडी वाजली आणि स्वयंपाकघरातून ताईंनी "काय पडलं?" म्हणून विचारलं.

"अगदी हळू," मी म्हणालो.

साडूभाऊंनी एकदा खिडकीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उशीवर डोकं ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"हो न," ते म्हणाले. "मले बी तसंच वाटलं."