सखूबाईच्या खड्ड्यातले भोपळे

आपटा गावाजवळच्या आमच्या खेड्यात १९९४ च्या सुरुवातीला ग्रामपंचायतीनं ठराव केला: घराघरानं दारात बादलीत ठेवलेला ओला कचरा एक दिवसाआड गोळा करायचा आणि गावाबाहेरच्या दोन खड्ड्यांत त्याचं खत करायचं. हातगाडी ओढायला सखूबाई पुढे आली. पन्नाशीची, वीटभट्टीवर राबलेली, आणि आवाज असा खणखणीत की नदीपलीकडे ऐकू जावा.

ग्रामसेविका वसुंधराताईंनी पंचायतीच्या भिंतीवर नियम रंगवून घेतले. सखूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते ताईंकडून दोनदा ऐकले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरताच पुकारा केला, "सालं, देठं, शिला भात आना! पिशवी नको, काच नको! मासलीची घान येगली आना!" मासळीवर ती लगेच पालापाचोळा आणि माती टाकायची. त्यामुळे वास नाही, कुत्री नाहीत.

चांगो पाटील मात्र मुद्दाम बादलीत दुधाच्या पिशव्या घालायचे. "काडायला तू हायेस ना?"

तिसऱ्या वेळी सखूबाईनं त्या पिशव्या धुतल्या आणि पाटलांच्याच अंगणातल्या दोरीवर ओळीनं वाळत घातल्या. "पाटील, या परत घ्या. खड्डा यांना खात नाय." पाटलांची बायको प्रमिला पोट धरून हसली. गावही हसलं. पण पाटलांची खोड काही सुटली नाही.

मे महिन्यात पहिला खड्डा भरला. सखूबाईनं तो मातीनं झाकला. पावसात त्यातून आपोआप एक वेल उगवला, खड्डा ओलांडून कुंपणावर चढला, आणि दसऱ्यापर्यंत त्याला सात लाल भोपळे धरले. एकेक असा, की उचलायला दोघं लागावेत.

मग भांडण पेटलं. कचरा गावाचा, पण बी कुणाचं? काशीराम म्हणाला, आमच्या घरचं. भीमाबाई म्हणाली, आमच्याच. पाटील गरजले, "शिमग्याला भोपला आमी खाल्लेला!"

वसुंधराताईंनी सखूबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "ज्याच्या बादलीत कंदी पिशवी आली नाय, त्याचा भोपला."

एकेक मान पाटलांकडे वळली. पाटलांनी कपाळाला हात लावला. "मंग माजा नाय गो!" आणि तेच सगळ्यांत आधी खो खो हसले.

भोपळे सगळ्या गावाचे ठरले आणि त्या संध्याकाळी देवळापुढे चूल पेटली. बायकांनी भोपळ्याचे गोड घारगे तळले, तेलाचा डबा पाटलांनी आणला. पहिलं ताट सखूबाईला दिलं. "इतक्या मान्सांत मना बसवून वाडताव?" म्हणत ती लाजली, आणि सात घारगे खाल्ले.

दिवाळीनंतर करंजाडे गावची माणसं, आपल्याकडेही असंच करावं का हे ठरवायला, खत पाहायला आली. सखूबाईनं काळंभोर, भुसभुशीत खत एकाच्या तळहातावर ठेवलं. त्यानं भीतभीत हुंगलं.

"अरे, हा तर मातीचा वास!"

"मंग," सखूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बादली कंदी ठेवताव दारात?"