तुवालूवरचा खिळा

आमच्या राज्यशास्त्र विभागात जगाचा नकाशा थेट भिंतीवर ठोकलाय. मोठे देश मधोमध सुखरूप आहेत. उजव्या कडेचा खिळा मात्र तुवालू या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या छातीत. सर तो ठोकत असताना मी ओरडले होते, "सर, तो देश आहे!"

विभागप्रमुख म्हणाले, "ठिपका आहे हो मॅडम. तुमच्या प्रबंधाच्या विषयासारखा."

छोट्या राष्ट्रांचं परराष्ट्र धोरण हा माझा विषय. सगळे हसले. मी नाही.

खिळ्याभोवती आता गंज पसरलाय. बेटच वाढल्यासारखं वाटतं. लहानांच्या मनातला डंख असाच पसरत असावा. महासत्तांना एरवी हे ठिपके दिसत नाहीत, पण संयुक्त राष्ट्रांत मतदान आलं की त्यांचे दूत याच ठिपक्यांवर हसतमुखाने उतरतात. ठिपक्यालाही त्या सभागृहात एक अख्खं मत असतं.

काल सर स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीला उभे आहेत. "मॅडम, तुमचं एक मत फार मोलाचं."

"विचार करते, सर," मी गोड हसले.

विचार कसला? तो खिळा ठोकला त्याच दिवशी झालाय. मतदानापर्यंत मात्र रोज त्यांनी आणलेला चहा पिणार आहे, त्या खिळ्याकडे बघत.