नव्या यंत्रातली याडी

आयुष्यात काय उभं केलं असं विचारलं की लोक घर दाखवतात, मुलं दाखवतात. मी अडत दुकानाच्या हिशेबाचा एक प्रोग्राम दाखवते. निळा पडदा, पिवळी अक्षरं आणि माउसचं नावही नाही. पदविका घेऊन अमरावतीहून परतले तेव्हा अंगात मस्ती होती, आणि संगणक म्हणजे काय हे बाजारात कोणाला धड ठाऊक नव्हतं. तेवढ्या भांडवलावर मी तो लिहिला आणि दारव्ह्यापासून कळंबपर्यंतच्या अडत्यांच्या गळ्यात मारला. चांगला होता हो, अजूनही चांगलाच आहे. पण एकेकानं तो सोडला, नवी चकचकीत सॉफ्टवेअरं घेतली आणि रस्त्यात भेटलं की मला उगाच चहा पाजू लागले. शेवटी एकच गिऱ्हाईक उरलं, दारव्ह्याचं.

त्या दुकानात प्रोग्राम चालवतात ते दिवाणजी. जवळच्याच तांड्यावरचे, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला रुमाल बांधणारे. शेतकऱ्याशी वऱ्हाडी, तांड्यावरचं कोणी आलं की बंजाऱ्यांची गोरबोली, आणि सेठ हिंदीत चिडले की त्यांच्याशी हिंदी. माझ्या प्रोग्रामला ते 'याडी' म्हणतात. गोरबोलीत याडी म्हणजे आई. का, असं विचारलं तर म्हणाले होते, चुकलं की टोकते, बरोबर केलं की पुढं जाऊ देते, मंग आई नाही तर काय. टोकायचं म्हणजे असं, की नोंद बरोबर असली तर संगणक एकदा 'टुक' करायचा आणि चुकली तर दोनदा कर्कश ओरडायचा. त्या आवाजाचा मला तरुणपणी केवढा तोरा! बाकीच्या दुकानांनी पहिल्याच हंगामात, कटकट नको म्हणून, तो बंद करायला लावला. दिवाणजी मात्र म्हणाले, राहू द्या बाई, दुकानात कोणी तरी शहाणं बोलते.

यंदा सोयाबीन बाजारात यायला लागलं आणि त्यांचा फोन आला.

"बाई, जुना डब्बा जळाला. सेठनं नवा आणला, पण याडी त्यात जायले तयार नाही."

पुढचं त्यांनी अडखळत सांगितलं. सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर नागपूरहून नवं सॉफ्टवेअर बोलावतो, असं सेठनं बजावलं होतं. हंगाम कोणासाठी थांबत नाही. मग तुमचं काय, मी विचारलं. मी तांड्यावर जातो, म्हणाले, बकऱ्या राखीन. हसत म्हणाले, पण मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. अहो, नवं शिकाल की, असं म्हटलं तर सोयाबीनचा भाव सांगू लागले. दिवाणजींची खुर्ची जाणार आणि तीही माझा प्रोग्राम चालत नाही म्हणून, या विचारानं माझं डोकं फिरलं.

तसं हे नवीन नव्हतं. कुठेतरी सातासमुद्रापार कोणी ऑपरेटिंग सिस्टिम बदलतो आणि मी यवतमाळच्या स्टँडवर जीपमध्ये कोंबली जाते. एकदा तर नवं यंत्र इतकं वेगवान निघालं की माझा प्रोग्राम उघडता उघडताच धडपडून पडला. तेव्हा मी ते यंत्र मुद्दाम हळू करून दिलं. चांगलं पळणारं यंत्र लंगडं करून देणारी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

शनिवारी सकाळी निघाले. मांडीवरच्या पिशवीत तऱ्हतऱ्हेच्या वायरी होत्या. जीपमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी आत डोकावून विचारलं, कोणाच्या लग्नाचा बँड हाय काय? मी म्हटलं, हौ, म्हाताऱ्या नवरीचं लग्न आहे आणि नव्या नवऱ्याला ती पसंत नाही. आजी दारव्ह्यापर्यंत हसत राहिल्या. उतरताना म्हणाल्या, नवऱ्यालेच दम दे.

दुकानात पोचले तेव्हा दिवाणजी रिकाम्या हातांनी कोपऱ्यात बसले होते आणि सेठ स्वतः कागदावर नोंदी खरडत होते, चेहरा आंबट करून. बाहेर काट्यावर पोती चढत होती. वजन पुकारणारा हमाल समोर कोणी बहिरा असल्यासारखा ओरडत होता. जरा हळू रे बाबा, असं मी म्हटलं तर तो हसला आणि आणखी मोठ्यानं ओरडला.

नवं यंत्र पुस्तकाएवढं पातळ. माझा प्रोग्राम उघडायला गेलं की पाटी यायची, हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही. भैताडा, म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून तो चालतो आहे. पण खरं सांगायचं तर नव्या यंत्रांना ती जुनी बोली कळतच नाही. मध्ये दुभाषी बसवावा लागतो. जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेणारा एक फुकटचा प्रोग्राम मिळतो, त्याच्या पोटात आपला प्रोग्राम ठेवायचा. मग आपल्याला वाटतं आपण नव्या घरात आलो, आणि त्याला वाटतं तो जुन्याच घरात आहे.

नंतर की-बोर्ड. नव्याच्या कळा दिवाणजींना पापडासारख्या चपट्या लागल्या, आणि जुन्याचं गोल टोक बसेल असं भोकच नव्या यंत्राला नव्हतं. ते जोडणारी वायर माझ्या बँडच्या पिशवीत निघाली. जोडण्याआधी मी जुना की-बोर्ड उलटा करून झटकला, तर लक्ष्मीपूजनाच्या अक्षता भुरभुर टेबलावर पडल्या. या दुकानाची पद्धतच अशी, की पूजेत वह्यांच्या शेजारी की-बोर्ड मांडायचा आणि एंटरच्या कळेला हळदकुंकू लावायचं. ती कळ लालभडक झालेली, बाकीच्या कळांवरची अक्षरं केव्हाच पुसून गेलेली. दिवाणजींनी त्या अक्षता बोटांनी चाचपत गोळा केल्या आणि तुळशीत टाकायला रुमालाच्या टोकाला बांधल्या.

छपाईनं नाकी नऊ आणले. शेतकऱ्याला मालाच्या हिशेबाची पट्टी छापून द्यायची, आणि तो जुना करकरणारा प्रिंटर काही केल्या माझं ऐकेना. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो ताळ्यावर आला. दुपारी निळा पडदा उघडला, पिवळी अक्षरं उमटली, पहिली पट्टी करकरत बाहेर आली. खोटं कशाला बोलू, मी टाळ्या वाजवल्या. सेठनं चहा सांगितला आणि काट्याकडे गेले.

दिवाणजी खुर्चीवर बसले. बाहेरून पुकारलेलं वजन त्यांनी टाकलं, लाल कळ दाबली आणि थांबले. पुन्हा दाबली. मान एका बाजूला कलवून तसेच बसून राहिले. मग हात मांडीवर घेतले.

"हे ते नाही, बाई."

मी तडकलेच. ते नाही म्हणजे काय? पडदा तोच, रंग तोच, कळा त्याच, तुमचं कुंकूसुद्धा तेच. आता राहिलं काय, ते तरी सांगा.

आजूबाजूला कोणी नाही याची त्यांनी चाहूल घेतली आणि हळूच म्हणाले, "याडी बोलून नाही राह्यली. अन् मले आता कानानंच दिसते."

मग सगळं सांगितलं. नजरेचा मधला भाग गेला होता. कडेनं माणूस ओळखू येतो, अक्षर दिसत नाही. इतकी नजर टिकेल, पुढं जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वजन हमाल पुकारतो, कळा बोटांना पाठ आहेत, आणि बरोबर की चूक ते याडी सांगते. छापलेली पट्टी शेतकऱ्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्यायची त्यांची रीत मला माहीत होती, ती मला निव्वळ सचोटीची वाटायची. सचोटीची होतीच ती. सेठले सांगू नका, एवढंच त्यांनी मागितलं.

मला भरून आलं. आणि त्याच क्षणी असा आनंद झाला की काय सांगू! सगळ्या बाजारानं ज्या टुकटुकीला कटकट म्हटलं, तिच्या भरवशावर हा माणूस हंगामामागून हंगाम बिनचूक काम करत होता. माझ्या हातून एवढी मोठी गोष्ट झाली होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

उपाय सोपा होता. प्रोग्राम बिचारा बोलतच होता, पण जुन्या डब्ब्याच्या पोटात एक छोटा भोंगा असायचा, तो या पातळ यंत्रात नव्हता. बाहेरून स्पीकर लावला की झालं. मी सेठकडे गेले आणि एक साधा स्पीकर हवा म्हणाले. कशाला, असं विचारतील म्हणून मनात थापा जुळवत होते. त्यांनी विचारलंच नाही. मोटारसायकलला किक मारून गेले.

परत आले ते मागे गणपती मंडळाचा स्पीकर बांधून. कमरेएवढा उंच, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा. अहो सेठ, मी साधा म्हटलं होतं. तर म्हणे, विजेच्या दुकानातले लहान होते, मले भरवसा नाही वाटला.

जोडला. दिवाणजींनी लाल कळ दाबली.

काय ती टुक, बाप्पा! काट्यावरच्या हमालाच्या हातून पोतं निसटलं, निंबावरचे कावळे उडाले, शेजारच्या अडतीतली माणसं बाहेर आली. मी आवाज कमी करायला धावले तर दिवाणजींनी हात आडवा केला. मिशांच्या खालून हसू नुसतं ओसंडत होतं.

"बोलली याडी," ते म्हणाले.

मग त्यांनी मुद्दाम चूक केली. याडी दोनदा अशी काही खेकसली की सगळा बाजार हसायला लागला, आणि सगळ्यात जास्त तेच हसत होते. मी आवाज बेतानं लावून दिला. बोटं कळांवर पळायला लागली.

मी वायरी आवरून बाहेर आले. सेठ काट्यापाशी उभे होते. हमाल माझ्याकडे पाहून जरा हळू आवाजात वजन सांगू लागला, तर सेठ त्याच्यावर डाफरले, नेहमीसारखं मोठ्यानं पुकार. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दुकानाकडे एक नजर टाकली आणि माझ्याजवळ सरकले.

"सोमवारची धमकी नसती दिली तर तुमाले तरास नको म्हणून त्यायनं फोनच केला नसता," ते म्हणाले. "पण त्यायले सांगू नका, मॅडम. त्यायले वाटते, त्यायच्या डोळ्याचं मले माहीत नाही."

हमालानं वजन पुकारलं आणि आत टुक झालं.