जळू चावेना

अंगठा गेला तर रंधा कशानं धरायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. देवबिव काही सुचत नव्हता. मी सुतार. मनीषनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कटर मशीननं उजवा अंगठा उडवला. डॉक्टर मॅडमनी तो परत जोडला खरा, पण आत गेलेलं रक्त बाहेर पडेना आणि अंगठा काळानिळा पडला. साचलेलं रक्त ओढायला जळवा लावू, असं त्या म्हणाल्या. म्हटलं, लावा. साप लावते म्हणाल्या असत्या तरी मी हात पुढे केला असता.

पण जळू चावेना. अंगठ्यावर ठेवली की तोंड फिरवायची. दुसरी आणली, तीही तशीच. मॅडमचा चेहरा उतरला. आत ताजं रक्तच पोचत नसेल तर जळू तोंड लावत नाही, मग अंगठा काढावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मनातल्या मनात रामाला दोन शिव्या हासडल्या आणि म्हणालो, "काढाचं नाव नका घेऊ. अजून आणा."

तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली आई पुढे आली. "बाई, हा झोपला होता तवा म्या त्याले रामटेकचा अंगारा लावला. कापराच्या तेलात कालवून."

मॅडम रागावल्या नाहीत. कापराच्या वासानंही जळू तोंड फिरवते, पुसून पाहू, म्हणाल्या. पण अंगारा खाली सांडला तर आई तो टिपून कपाळाला लावते. तिच्यादेखत तो कसा पुसायचा?

"आई, तू बाहेर जाय."

"काहून जाऊ? रामाले सांगतलं म्या, तू जरा बाजूले हो, हिले येऊ दे. पुसा बाई."

सिस्टरनी सलाईननं अंगठा पुन्हापुन्हा धुतला. तिसरी जळू थांबली, चाचपडली आणि चिकटली. टम्म फुगून गळून पडली तरी काळं रक्त झिरपत राहिलं, आणि हळूहळू अंगठ्यावर लाली आली. मी सगळ्यांसमोर रडलो. पुढचे काही दिवस जळवा लावतच होते. अंगठा जगला.

एकदा आईनं सिस्टरला विचारलं, पोट भरलेल्या जळवेचं काय करता? दुसऱ्या कोणाला लावता येत नाही, मावशी, स्पिरिटच्या बरणीत टाकून मारावी लागते, ती म्हणाली. आईनं त्या बरणीला हात जोडले.

माझा उजवा हात बांधलेला होता. मी डावाच कपाळाला लावला आणि म्हणालो, रामा, तू कोण होऊन यायचं, हे यापुढे मी ठरवणार नाही.