हाताने ओढलेली लाल रेघ

खरं बोलणाऱ्या माणसाला तुम्ही कधी चारचौघांत खोटं ठरवलं आहे का? गैरसमजातून नाही, भांडणाच्या भरातही नाही. शांतपणे, टेबलाशी बसून, आपल्या चांगल्या अक्षराच्या जोरावर?

मी ठरवलं आहे. दिल्लीतल्या एका कॉलेजात, विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत, दुसऱ्या वर्षाला असताना.

मी पत्रकांत वाढले. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आणि कर्मचारी संघटनेचे बिनपगारी लेखक. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कायम गठ्ठे असायचे, आम्ही ताटं मांडीवर घ्यायचो. घडी घालायला मी शिकले ती पत्रकांची, कपड्यांची नंतर. मूळ प्रत बाबा स्वतः लिहायचे, हिंदीत, जाड निबेने, आणि मग तिच्या झेरॉक्स काढायचे. हाताचं अक्षर दिसलं की माणूस क्षणभर थांबतो, असं त्यांचं म्हणणं. माझं अक्षर त्यांच्यासारखंच झालं. तसंच वळण, ‘स’चा तसाच पोटफुगा. लोक कौतुक करायचे तेव्हा मला वाटायचं की अक्षरासोबत बाबांचा बाणाही आपोआप माझ्यात उतरला असणार.

कॉलेजच्या निवडणुकीत एक नियम होता: पोस्टर फक्त हाताने केलेलं चालेल, छापलेलं नाही, आणि ते दोन ठरावीक भिंतींवरच लावायचं. नियम चांगला होता. ज्यांच्या बापाकडे गाड्यांचा ताफा आहे त्यांनी सगळं कॉलेज आपल्या चेहऱ्यांनी भरून टाकू नये, म्हणून तो केलेला होता. या नियमाच्या बाजूने मी स्वतः एका सभेत तावातावाने बोलले होते.

आमचा सचिवपदाचा उमेदवार माझ्याहून एक वर्ष पुढे होता. हॉस्टेलच्या जागा वाढवा, लायब्ररी संध्याकाळी बंद करू नका, अशा आमच्या मागण्या. पोस्टरं करायला मी आणि तीन मुली. चार दिवसांत आमची ऐंशी पोस्टरं झाली. समोरच्या पॅनेलने रस्त्यावर छापील कार्डांचा सडा घातला होता, चालताना पायाखाली त्यांचे हसरे चेहरे यायचे. त्यांना कुणी जाब विचारत नव्हतं.

“पेंटर साहिबा,” उमेदवार मला म्हणाला (तो मला हेच म्हणायचा), “इस स्पीड से तो अगले साल का चुनाव जीतेंगे.”

युक्ती मला सुचली. त्याला नाही, मलाच. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला ही गोष्ट ‘आम्हाला सुचली’ अशी सांगत होते.

मी सहा पोस्टरं अगदी मन लावून लिहिली. मुद्दाम थोडी वेडीवाकडी, एका ठिकाणी शाईचा थेंब पडू दिला. ती सहा घेऊन आम्ही शहादऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडे गेलो. त्याने स्क्रीन प्रिंटिंगने ती खाकी कागदावर उतरवली. त्या कागदावर शाईला चकाकी येत नाही, अगदी ब्रशने लिहिल्यासारखी दिसते. मग कँटीनच्या मागच्या ओट्यावर बसून आम्ही प्रत्येक पोस्टरवर उमेदवाराच्या नावाखाली लाल मार्करने एक रेघ ओढली. हाताने. कुणी बोट लावून पाहिलंच तर रंग बोटाला लागावा म्हणून. पाचशे पोस्टरं, पाचशे रेघा. ओढता ओढता आम्ही घोषणा म्हणत होतो आणि खूप हसत होतो.

घरी नेलेलं एक पोस्टर बाबांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. “माझा ‘स’ उचललास की गं,” ते म्हणाले. “पण भिंतीला लावायला खळ चांगली शिजवा हं, बाजारची नको.” खळ म्हणजे काय हे माझ्या कॉलेजात कुणाला समजलं नसतं, तिथे ती लेई. मी “हो” म्हटलं.

सचिवपदालाच एक मुलगी अपक्ष उभी होती. बहादूरगढहून रोज मेट्रोने यायची. तिच्यामागे पॅनेल नव्हतं, फक्त दोन मैत्रिणी. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती स्वतः पोस्टरं लिहायची. तिचं अक्षर वाईट होतं. ओळ उजवीकडे घसरत जायची आणि शेवटचा शब्द कोपऱ्यात चेंगरायचा. आम्ही तिच्या पोस्टरांची नक्कल करून दाखवायचो.

तिने तक्रार केली.

निवडणूक समितीचे प्रमुख असलेल्या सरांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. टेबलाभोवती समितीचे दोन शिक्षक, दाराशी आणि खिडकीशी तीसेक मुलं. तिने दोन्ही भिंतींवरून आमचं एकेक पोस्टर उतरवून आणलं होतं. “सर, देखिए. यहाँ भी स्याही की बूँद, यहाँ भी. उसी जगह. हाथ से दो बार एक ही जगह बूँद कैसे गिरेगी?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सर हुशार होते, त्यांनी थोडा विचार केला असता तर संपलंच होतं. पण आमचा उमेदवार जोरात म्हणाला, “सर, जिसने लिखा है वो यहीं बैठी है. लिखवा लीजिए.”

सरांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि मार्कर सरकवला.

मी लिहिलं. ‘सबको हॉस्टल, सबको किताब.’ तोच ‘स’, तेच वळण. माझंच तर अक्षर होतं! सरांनी कागद पोस्टराशेजारी धरला, मग जिभेने बोट ओलं करून लाल रेघेवरून फिरवलं. बोट लाल झालं. ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं. “छपा हुआ होता तो ये उतरता?” आणि मग माझ्याकडे पाहून, “आजकल ऐसी लिखावट कहाँ मिलती है, बेटा.”

खिडकीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “मैडम, पहले खुद लिखना तो सीख लो.” मोठा हशा झाला. मीही हसले.

समितीने तिला सांगितलं, तक्रार खोटी होती आणि बदनामीसाठी केली होती असं लिहून दे, माफी माग, मग विषय संपला. नाही दिलंस तर उमेदवारी रद्द. विचार करायला दहा मिनिटं दिली. ती उभीच राहिली, त्या दोन पोस्टरांची सुरळी छातीशी धरून. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्या दहा मिनिटांत मला फक्त “सर” एवढं म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. मी मार्करचं टोपण लावत आणि काढत राहिले. स्वतःला सांगत होते की हॉस्टेलच्या जागा महत्त्वाच्या आहेत.

“मैं साइन नहीं करूँगी,” ती म्हणाली. “मैंने झूठ नहीं बोला.”

तिचं नाव मतपत्रिकेवरून गेलं. आम्ही निवडून आलो. लायब्ररी संध्याकाळी उघडी राहू लागली, हे खरं आहे. आणि पदवी मिळेपर्यंत कॉलेजात तिला सगळे ‘झूठी’ म्हणत, हेही खरं आहे. जिन्यात, कँटीनच्या रांगेत, एकदा तर माझ्यासमोर. मी वळून वॉटर कूलरचं पाणी पीत उभी राहिले.

बाबांना मी हे फार उशिरा सांगितलं, नोकरी लागल्यावर. त्यांनी कपाट उघडून पोस्टराकडे पाहिलं. म्हणाले, “प्रती मीपण काढल्या गं. पण त्या हाताने लिहिल्यात असं कुणाला सांगितलं नाही.” मग विचारलं, “तुला तिथे लिहायला सांगितलं, तेव्हा हात थरथरला का?”

“नाही.”

“मग कठीण आहे,” ते म्हणाले आणि पोस्टर न काढताच त्यांनी दार लावून घेतलं.

मग मी तिला शोधलं. ती गुरुग्रामला एका कंपनीत होती. दुपारच्या सुट्टीत ऑफिसखाली भेटली. मी दोन दिवस घोकलेली माफी मागितली, थोडी रडले. ती डबा खात ऐकत होती. माझं संपल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं.

“मुझे क्यों बता रही है?” ती म्हणाली. “मुझे तो पता ही था. उन्हें बता ना, जो हँस रहे थे.”

आणि ती लिफ्टकडे गेली.

मी सांगायला निघाले. सरांना लिहिलं, ते आता निवृत्त आहेत. उत्तर आलं, “पुरानी बात है बेटा, खुश रहो.” कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं लिहिलं, थेंब, खाकी कागद, लाल रेघ. पहिली तीन उत्तरं हसणाऱ्या चेहऱ्यांची. चौथं आमच्या उमेदवाराचं: “पेंटर साहिबा, क्या दिमाग था यार तेरा! लेजंड!” तिच्याबद्दल एक शब्द नाही. माझा अपराध तिथे कॉलेजच्या दिवसांची धमाल आठवण होऊन बसला, आणि जे हसले होते ते पुन्हा हसले.

त्यानंतर त्या खोलीतल्या जितक्यांचे नंबर मिळाले तितक्यांना मी एकेकटं फोन करते आहे. अकरा झाले. त्यांना युक्ती सांगत नाही. फक्त एवढंच म्हणते की ती खरं बोलत होती, आणि हे वाक्य तुम्ही माझ्यामागून एकदा म्हणा. काही जण म्हणतात. दोघांनी फोन ठेवला. एक मुलगी म्हणाली, “मैंने ही सबसे पहले ताली बजाई थी.”

तुम्ही त्या कॉलेजात नव्हता. पण तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, की ज्याला लोकांसमोर खोटं ठरवलं गेलं आणि खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, तर त्या माणसाकडे माफी मागायला आधी जाऊ नका. त्या दिवशी तिथे कोण कोण बसलं होतं ते आठवा, कागदावर नावं लिहा, आणि आज त्यातल्या पहिल्या नावाला फोन लावा.